रिकाम्या लूमचा खटखटाट

"भावजी! माणसं मारायला बसलाय काय?"

वहिनीचा आवाज पत्र्याच्या भिंतीतून आरपार आला, कारण भिंतीला आता भोक होतं. माझ्या लूमचा धोटा, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, उडाला, पत्रा फोडून पलीकडं गेला आणि तिच्या शिलाई मशीनजवळच्या फडक्यांच्या थप्पीत रुतला. थप्पी नसती तर तो थेट कल्याणला जाऊन थांबला असता.

भिवंडीजवळच्या शेलार गावात माझी आणि चुलतभावाची, म्हणजे दादाची, शेड एकाच पत्र्याला टेकून उभी. त्याचे चार लूम, माझे चार. मंदी आली नि शेठकडून येणारं सूत दोघांचंही बंद झालं. मी भिवंडीभर ऐकू जाईल असा रडलो. दादा रडला नाही. त्यानं पदरचं सूत आणून जाडीभरडी फडकी विणायला घेतली, वहिनी कडा शिवायला बसली, आणि बघता बघता निजामपुऱ्यापासून टेमघरपर्यंत एक हॉटेल उरलं नाही जिथलं टेबल त्यांच्या फडक्यानं पुसलं जात नव्हतं. टपरीवर मी त्याला 'फडकेसम्राट' म्हणायचो. लोक हसायचे. त्याचे लूम मात्र थांबायचे नाहीत.

तो खटखटाट! जणू चारही लूम माझ्याच छातीवर बसवलेले. मी घाससुद्धा त्याच्या ठेक्यावर चावायचो. त्याच्या शेडमधले डासही मला माझ्यापेक्षा धष्टपुष्ट दिसायचे.

बायको म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी भंगारवाला लूम न्यायला येतोय. त्याच्या आधी दादांकडं काम मागा की."

"त्याच्याकडं? जीव गेला तरी न्हाय!"

त्याऐवजी मी अक्कल चालवली. एक लूम रिकामाच सुरू केला. सूत नाही, कापड नाही, नुसता आवाज. ऐकू दे म्हटलं, मलाही सुरतेची ऑर्डर आलीय! सकाळी सुरू, जेवायला बंद, परत सुरू. टपरीवर जाऊन "सवडच न्हाय रं" म्हणत नसलेला घाम पुसायचो. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी, गुरुवारी, धोट्याला धरून ठेवायला ताणाच, म्हणजे उभे धागेच नव्हते, तो सुटला.

मी पलीकडं गेलो तेव्हा वहिनी धोटा हातात घेऊन दारात उभी होती. मागं दादा, तेलकट हात स्वतःच्याच फडक्याला पुसत.

"ऑर्डर एवढी मोठी हाय ना वहिनी, लूमला दम धरवत न्हाय."

तिनं धोटा उलटा करून पाहिला. आत धाग्याची कांडीच नव्हती.

"सूत कुठाय?"

"संपलं आसंल... आत्ताच."

तिनं धोटा दादाच्या हातात दिला. त्याचे चारही लूम मागं खटखटत होते, आणि कधी नव्हे ते माझ्या तोंडून खरं निघालं.

"दादा, उद्या माझे लूम भंगारात चाललेत."

दादानं फडकं खांद्यावर टाकलं.

"सूत लावलेल्या लूमचा आवाज येगळा आसतो. आठ दिवस ऐकतोय. सूत गुंडाळलेलं ताण्याचं एक बीम बाजूला काढून ठेवलंय, घेऊन जा."