रंगाचे दोन हात

आजारपणात माझ्या पत्नीच्या कानांना तीक्ष्ण आवाज सोसेनासा झाला. नेपियर टाउनमधील डॉक्टरांनी घर शांत ठेवण्यास सांगितले. मे महिना होता. जबलपुरात मे महिन्यात कूलरवाचून आजारी माणूस सांभाळता येत नाही, आणि कूलरचा पंखा तर शिट्टीसारखा वाजे. मुलगी पुण्याला राहते. आईला तिकडे नेते, असे तिने कळवले. पत्नीला घर सोडायचे नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मोटर निर्दोष होती. आवाज हवेचा होता. पात्याच्या दोन्ही अंगांनी आलेली हवा मागच्या कडेशी एकदम मिळते आणि तिथे चिरकते. कड सच्छिद्र असली, तर दोन्ही बाजूंचा दाब आधीच थोडाथोडा मिसळतो आणि आवाज उतरतो. संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला असताना एका तांत्रिक मासिकात हे वाचले होते.

गोहलपुरातील एका कारागिराकडून पात्यांच्या मागच्या कडा कापून घेतल्या. त्या जागी जाळीच्या दोन पत्र्यांमध्ये लोकर दाबून केलेला नमदा धरून रिव्हेट मारायचे होते.

"बाबूजी, पंखे को स्वेटर पहना रहे हो? वो भी मई में?" कारागीर म्हणाला.

"वजन तीनों का बराबर रखना," मी म्हणालो.

चाचणी घेतली. शिट्टी गेली, राहिली ती नुसती वाऱ्याची सळसळ. पत्नी त्या दुपारी दोन तास झोपली. उठल्यावर म्हणाली, "चलो, जमलं बरं का तुम्हाले."

दुसऱ्या दिवशी मी पाती उतरवली. नमदा पाण्याने कुजेल, असे मनात आले. शिवाय अस्तर आणि वर रंगाचे दोन हात दिल्याखेरीज कोणतीही वस्तू आमच्या विभागाबाहेर जात नसे. चौतीस वर्षांची सवय होती. मी करड्या रंगाचे दोन हात व्यवस्थित दिले, वाळवले, पाती बसवली.

शिट्टी परत आली.

मी मोटरवर संशय घेतला. बुश बदलले, पाया आवळला, तोल पुन्हा तपासला. यात चार दिवस गेले. पत्नी कानांवर उशी दाबून पडून असे.

"काहून एवढी खटपट करून राहिले तुम्ही?" ती एकदाच म्हणाली.

आठव्या दिवशी मुलगी आली. "बाबा, तुमचा पंखा होईल तेव्हा होईल," ती म्हणाली. तिचे म्हणणे रास्त होते. मी दोघींना गाडीत बसवून दिले.

घरी येऊन एका पात्याच्या कडेची जाळी-नमद्याची पट्टी सोडवली, ओठांना लावली आणि फुंकर मारली. श्वास पलीकडे जाईना. रंगाने प्रत्येक छिद्र बुजवले होते. तोल तपासण्याआधी ही एक फुंकर मारायला हवी होती.

पत्नीला फोनवर चूक सांगितली. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

"रंग मारल्याबिगर तुमचं कोणतं काम पुरं झालं?" ती म्हणाली. "आता बिनरंगाचाच ठेवा. मी येतोच."

मी नव्या पट्ट्या करून घेतल्या. रंग दिला नाही. ती आली नाही. पावसाळा संपण्यापूर्वी पुण्यातच गेली.

पट्ट्या कपाटात आहेत. मी त्या बसवून पाहिल्या नाहीत. कूलर त्या रंगवलेल्याच पात्यांवर चालतो, आणि मला आता कमी ऐकू येते.