दाजीनं वळखल्याली काहील

मी गाव सोडलं तवा माज्या तोंडाला गूळ व्हता. शुभ कामाचा न्हवं, करपल्याला, काळा, दोन्ही गालांना फासल्याला. आई येशीपातुर पळत आली. मला वाटलं, नगं जाऊस म्हनंल. ती म्हनली, "तोंड तरी धुवून जा रं." तेवढंबी मी ऐकलं न्हाई. पलटनीत भरती व्हायला सांगलीला चालत निघालो, आन अख्खी वाट माश्यांची पलटन माज्या मागं.

झालं ते असं. थोरल्या आक्काचा मालक, आमचा दाजी, म्हंजी नावाजल्याला गुळव्या. काहिलीत उसाचा रस उकळाया लागला की नुसत्या फेसाकडं बगून सांगायचा, आता उतरवा. त्या साली मी त्येच्या हाताखाली व्हतो. माजं लगीनबी जमत आल्यालं. पोरीचा बाप गुऱ्हाळावर आला व्हता, जावय कसा हाय ते बगायला. दाजी भाकरी खायला गेला. जाताना म्हनला, फेस बसला की हाक मार. मी काय केलं? होणाऱ्या सासऱ्याला हसवायला दाजी कसा पाय फाकून चालतो त्येची नक्कल केली. सासरा लय हसला. म्हनून मी आनखी एकदा केली. तवर काहील करपली.

दाजी आला. वरडला न्हाई. वरडला असता तर बरं झालं असतं. त्येनं काहिलीच्या बुडाचं काळं खरवडलं, निवू दिलं, माज्या गालांना शांतपनी फासलं आन पोरीच्या बापाला म्हनला, "बगा पाव्हनं, जावय. रंग पक्का हाय." सगळं गुऱ्हाळ हसलं. सासराबी हसला, पन ह्या येळंला येगळं हसला. सोयरीक मोडली.

म्होरल्या उन्हाळ्यात ती पोरगी दाजीच्याच धाकट्या भावाला दिली. हे मला पलटनीत पत्रातनं कळलं. मला वाचता येत नव्हतं, म्हनून एकाकडनं वाचून घेतलं, तर सगळी बराक हसली. लिवायवाचायला मी शिकलो ते त्या दिसापास्नं. शाळंनं शिकवलं न्हाई, रागानं शिकवलं. खरं सांगतो, त्या पोरीला मी कवा बगितलंबी न्हवतं. पन न बगितल्याल्या पोरीपायी सात वर्सं दात खात राह्यलो.

लढाईत काय पराक्रम केला ते इचारू नगा. कांदं सोललं. डिश्चार्ज मिळाल्यावर गावाला तोंड दावायचं नव्हतं, म्हनून लांब दक्षिणेत, डोंगरावर, तारं बगायच्या हापिसात शिपाई झालो. घुमटाचा दोर वढायचा, फरशी पुसायची, साहेबाला सार म्हनायचं. सकाळी इडली, दुपारी भात, राती परत भात. आमच्याकडं आजाऱ्याला भात देत्यात; माज्या पोटाला अजून वाटतंय, मी आजारीच हाय. गावात असताना मी वर बगायचो ते पावसापुरतं. हितं आभाळाचा पगार खातूय, आन वर काय चाललंय ते तवाबी कळत न्हवतं, आताबी न्हाई.

एक दिस साहेबाच्या मेजावर परदेशातनं टपालानं आल्याला एक फोटू पडला व्हता. मी पुसता पुसता थांबलो आन म्हनलो, "सार, काहील उतू चाललीया."

साहेब म्हातारा, भला मानूस. चष्मा पडंपातुर हसला. मग आमच्या मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत त्येनं सांगितलं, ही आपल्या आकाशगंगंसारखी दुसरी आकाशगंगा, लय लांबची. भवऱ्यागत वेटोळं घालून फिरतीया. मधला गाभा नको तितका पेटलाय, का ते कुनाला ठावं न्हाई. आन कडंच्या वेटोळ्यात बहुतेक नवं तारं धरत्यात. एवढं बोलायला इद्वानांची वर्सं गेली म्हनं.

माजं ध्यान दुसरीकडंच. मी फसलो, म्हंजी दाजीबी फसनार. साहेबाच्या हातापाया पडून डाग पडल्याला एक फोटू मागून घेतला. लोकं सुट्टीला जाताना आईला लुगडं न्हेत्यात. मी फोटू न्हेला. लुगडं इसरलो.

गुऱ्हाळ चालू व्हतं. दुपारची येळ, सगळी जमल्याली. दाजीचं केस पिकलं व्हतं. "आलास व्हय, गणपा," म्हनून त्येनं ऊन ऊन गूळ पानावर दिला. सूड घ्यायला आल्याल्या मानसानं तो खायाचा न्हाई, पन वास तसा व्हता. खाल्ला, बोटं चाटली, मग कोटातनं फोटू काडला.

"दाजी, लांबच्या गुऱ्हाळावरली काहील हाय. काय वाटतंय, बगा."

धोतराला हात पुसून त्येनं फोटू कडंला धरला. लय येळ बगितला. "जाळ मधीच लागलाय, आन गरजंपरीस लय," त्यो म्हनला. "पन वाया गेल्याली न्हाई. ह्या कडंच्या वळनात कणी धरतीया, नवा दाना पडतोय, बग. कोन गुळव्या हाय?"

साहेबाचंच बोलनं, नुसतं आमच्या भाषेत. पन सात वर्सं शिजवल्याला राग, तो काय ऐकतोय? मी मोठ्यांदा हसलो. फोटू चौफेर फिरवला. म्हनलो, ही आभाळातली तारं हायती, आन आपल्या गुळव्याला त्यात गूळ दिसतोय. गुऱ्हाळ हसलं.

दाजी हसला न्हाई. हळूच म्हनला, "मग मी बोललो त्यातलं कायबी खरं न्हाई?"

खरं ठावं असल्याला तिथं मी येकटा.

"कायबी न्हाई," मी म्हनलो.

दाजी काहिलीखालच्या चुलानाकडं गेला. म्होरल्या काहिलीच्या फेसाकडं बगितलं. मग पान्यात थेंब टाकून गोळी बगितली. परत टाकली. तिसऱ्यांदा टाकली. शेवटी शेजारच्या मानसाला त्येनं इचारलं, "उतरवू का?" जन्मात त्येनं कुनाला इचारलं न्हवतं. काहील लवकर उतरली, गूळ मऊ पडला. मी समद्या देखत जितलो व्हतो. आक्का तेवढी माज्याकडं बगत राह्यली.

ह्याला साल झालं. आक्का कळवती, दाजी आता गुऱ्हाळावर जात न्हाई, दिसत न्हाई म्हनतोय. डोळं धड हायती, असंबी तिनं खाली लिवलंय.

गावातल्यांनो, आन माज्यागत भाईर पडल्याल्यांनो, तुमच्यातलं कुनीतरी हे लिवल्यालं दाजीला वाचून दावंलच. दावा. आवं दाजी, फोटूत तुमी बगितलं ते सगळं बरूबर व्हतं. जाळाचं बी, कणीचं बी. माफी मागतोय असं समजू नगा. तुमी आधी मागा, मग बगू. पन काहिलीम्होरं जाऊन हुबं ऱ्हावा, आन कुनाला इचारू नगा.

घर म्हंजी काय, ते मला येवढ्या वर्सांनी कळलं. जिथं जितल्यावरबी आपल्यालाच लाज वाटती, ते घर. बाकी हितं डोंगरावर मी झकास हाय.