तोटीच्या नरसाळ्यावरची पट्टी

विलास गेल्याचं त्याच्या बायकोनं, संगीतावहिनींनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धूत होतो. फोन ठेवला आणि धुतलेलीच बाटली पुन्हा धुतली, मग आणखी एकदा... त्याला दीड महिना झाला.

विलास इंझोरीचा. वडिलांची तिथं डिझेल इंजिनावरची पिठाची चक्की होती, टिनाच्या खोलीत. धूर इतका झोंबायचा की दळण आणलेल्या बाया नाकाला पदर लावून बाहेर उभ्या राहायच्या. बाबा मात्र दिवसभर आत. त्यांचा खोकला इंजिनाच्या आवाजातही ऐकू यायचा. विलास वाशीमला आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागला आणि त्यानं मनावर घेतलं, बाबांसाठी डिझेलमधलं गंधक काढायचं. मी प्रयोगशाळा सहायक, म्हणजे बिनपगारी भागीदार.

रीत सांगायला सोपी. तोटी असलेल्या काचेच्या नरसाळ्यात डिझेल घ्यायचं, गंधक ओढून घेणारा एक द्रव त्यात ओतायचा, हलवायचं आणि थांबायचं. दोन थर वेगळे होतात. डिझेल काढून घ्यायचं, ताजा द्रव ओतायचा, पुन्हा तेच. यातलं थांबणं फक्त विलासला जमायचं. मी दर पाच मिनिटांनी डोकावलो की म्हणायचा, "गजू, तू पाह्यलं म्हून थर लवकर बसते का? जाय, चहा सांग."

कित्येक सुट्ट्या खर्चून लिटरभर डिझेल तयार होत आलं. शेवटची धुलाई होती. रविवारी चक्कीचं इंजिन त्यावर चालवायचं ठरलं होतं. थर एरवी विलासच काढायचा. त्या दिवशी त्याचा तास होता, जाताना तो म्हणाला, "थर बसले का डिझेल कॅनमंदी काढून ठेव." आता तेल वर तरंगतं हे मी जन्मापासून पाहत आलेलो. खालचा थर तोटीतून टाकाऊ पिंपात सोडला आणि वरचा जपून कॅनमध्ये भरला. पण तो द्रव डिझेलपेक्षा हलका. डिझेल खाली होतं.

विलासनं कॅन उघडून वास घेतला. त्याचा चेहरा पाहून मला सगळं कळलं, आणि मी खोटं बोललो. "तोटी गळत होती." त्यानं कॅनला झाकण लावलं. "असू दे," म्हणाला.

रविवारी बाबा टाकी पुसून वाट बघत बसले होते. विलास म्हणाला, "बाबा, माह्या हातून सांडलं."

"एवढा शिकला," बाबा खोकत म्हणाले, "अन् एक बाटली धरता येत नाई तुले?"

मी तिथंच उभा होतो. तोंड उघडलं नाही. दुसरं डिझेल तयार व्हायच्या आत बाबा गेले. त्या नालायकपणाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

पुढं पंपावरच गंधक काढलेलं डिझेल मिळायला लागलं. कारखान्यांनी वेगळी रीत वापरली, विलासची कुणालाच लागली नाही. मला वाटलं हा खचेल. त्यानं मात्र कॉलेजभर पेढे वाटले.

शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा धीर केला. "विलास, ती तोटी गळत नव्हती..."

तो हसला. "मंग पट्टी कायले लावली व्हती म्या?"

"बाबांना सांगितलं काहून नाही?"

"तुले पुन्हा चक्कीत पाय ठेवू देल्ला नसता बुढ्यानं."

पट्टी म्हणजे नरसाळ्यावरची चिकटपट्टी. त्या घटनेच्या दुसऱ्याच दिवशी लावलेली. मी समजत होतो, पोरांसाठी असेल. त्यावर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'डिझेल खालच्या थरात'.

नरसाळं अजून स्टँडवर आहे. धुताना पट्टी भिजू देत नाही. काल अक्षरं पुसट दिसली म्हणून पेन काढलं, पण त्याच्या अक्षरांवर गिरवायला हात धजेना. खाली थोडी जागा होती. तिथं लिहिलं, 'गजाननच्या हातून सांडलं.'