घरी गेल्यावर पुढं काय?

फोन आला तेव्हा मी वॉर्डात एका आजोबांच्या हाताची शीर शोधत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. मोबाईल एप्रनच्या खिशात थरथरत होता आणि मी तो तसाच थरथरू दिला. सलाईन सुरू झाल्यावर पाहिलं, तर माझ्या मैत्रिणीच्या, शमीमच्या भावजयीचे, नसरीनचे, चार फोन येऊन गेलेले. परत लावला. "विजूताई, आपा नसरापूरच्या स्टँडवर पडल्या. लोकांनी लगेच दवाखान्यात नेलं, पण..." त्या 'पण'च्या पुढचं तिला बोलता आलं नाही आणि मला विचारता आलं नाही. मी पुढच्या खाटेपाशी गेले, तिथल्या बाईंचं बीपी मोजलं आणि आकडा लिहायला पेन उचललं, तर आकडाच आठवेना. पुन्हा मोजलं. पुन्हा विसरले. त्या बाईच म्हणाल्या, "शिस्टर, तुमीच जरा बसा."

मेंदूत रक्तस्राव झाला होता. शमीमला बरीच वर्षं बीपी होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी भोरमधल्या तिच्या घरी गेले तेव्हा दारात, गल्लीत, बायकांमध्ये, सगळीकडे एकच वाक्य होतं. "सगळ्यांचं बघितलं, स्वतःकडे लक्ष दिलं नाही." मीही तेच म्हणाले. तिच्या भावाला म्हणाले, नसरीनला म्हणाले, पुण्याहून आलेल्या तिच्या विद्यार्थिनींनाही म्हणाले. आज सात आठवडे झाले, आणि मला स्वस्थ बसू देत नाही ते नेमकं हेच वाक्य. ते मी बोलायला नको होतं. निदान मी तरी. का, ते सांगायचं तर बरंच मागं जावं लागेल.

शमीम आणि मी नर्सिंगला एकत्र होतो. ती भोर गावातली, वडिलांचं शिवणकामाचं दुकान. मी वेल्ह्याच्या खोऱ्यातली, भातशेती असलेल्या घरातली. पुण्याच्या त्या होस्टेलवर आमच्या बाजूच्या आम्ही दोघीच, त्यामुळे शनिवारची एस्टी एकच आणि नसरापूरपर्यंत बाकही एकच. तिला प्रश्न विचारायची खोड तेव्हापासूनची. पहिल्याच वर्षी राऊंडला मोठ्या सिस्टर एका मामांना गोळ्या समजावून सांगत होत्या... दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. त्या पुढं सरकल्या आणि शमीम तिथंच थांबली. "मामा, तुम्ही दिवसातून किती वेळा जेवता?" मामा म्हणाले, "दोन येळा. सकाळी भाकरी खाऊन रानात, ते दिवस मावळल्यावर." राऊंड खोळंबला म्हणून शमीमला सगळ्यांदेखत बोलणी बसली. मी पाठीमागून तिचा पदर ओढत होते, चल म्हणून. ती त्या मामांना विचारत होती, "मग तिसरी गोळी कधी घेणार?"

पुढं मी भोरलाच तालुक्याच्या दवाखान्यात लागले आणि आजतागायत वॉर्डातच आहे. ती शिकत गेली, पुण्यात नर्सिंग कॉलेजात शिकवू लागली. लग्न केलं नाही. आईनं अंथरूण धरलं तशी ती भोरला राहून रोज पुण्याला जाऊ-येऊ लागली, आणि त्याच सुमारास तिनं प्रबंधाचं काम हाती घेतलं. विषय ऐकायला अगदी साधा होता. दवाखान्यातून घरी सोडलेल्या माणसाचं घरी गेल्यावर पुढं काय होतं? आमच्यासारख्यांचं काम केसपेपरवर सही झाली की संपतं. तिचं काम तिथून सुरू व्हायचं. रजा टाकून, सुट्ट्या वापरून ती भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर फिरायची. एस्टीनं, नाहीतर दुधाच्या टेम्पोनं, आणि पुढं चालत.

आणि मग सुमनचं प्रकरण झालं. सुमन आंबवड्याच्या वरच्या एका वाडीतली, पहिलटकरीण. सिझेरियन झालं, बाळ चांगलं, टाके चांगले. घरी सोडताना मीच तिला सांगितलं, वजन उचलायचं नाही, आराम करायचा, ताप आला तर लगेच यायचं. ती मान हलवत होती. आठ-दहा दिवसांनी तिला जीपमध्ये आडवी घालून आणलं. टाके उसवलेले, जखम चिघळलेली, अंगात ताप. पुण्याला पाठवावं लागलं. बाळ घरी, आई तिकडे. कितीतरी दिवस आम्हाला वाटत होतं की ही काही परत येत नाही. पाठवताना केसपेपरवर मी एक ओळ लिहिली. 'रुग्णाने दिलेल्या सूचना पाळल्या नाहीत.' अशा ओळी आम्ही सगळेच लिहितो. माझ्या मनात राग होता, आणि खरं सांगायचं तर थोडी सुटकाही होती.

सुमन वाचली. घरी आल्यावर शमीम तिच्याकडे गेली, सबंध दिवस बसली आणि दुसऱ्या दिवशी थेट माझ्या वॉर्डात आली.

"तू सुमनला काय सांगितलं होतंस? नेमके शब्द सांग."

"नेहमीचेच. वजन उचलू नको."

"ती म्हणते, म्या कुठं वजन उचललं? निस्तं पाणी आणलं."

मला आधी कळलंच नाही. शमीम खाटेच्या कडेला टेकली आणि सांगू लागली. त्यांचा झरा घराच्या खाली, उतारावर. सासू लकव्यानं पडलेली, नवरा कामावर. घरी गेल्याच्या चौथ्या दिवसापासून सुमन दोन हंडे वर आणत होती. "तिच्या लेखी वजन म्हणजे पोतं, विजू. भाताचं पोतं तिनं उचललंच नाही. हंडा म्हणजे वजन, असं तिला कुणी सांगितलं? आणि सांगितलं असतं, तरी पाणी कुणी आणलं असतं? तू तिला विचारलंस, घरी कोण आहे?"

मी म्हणाले, चाळीस खाटा आणि दोन नर्स असताना कुणाच्या घरी कोण आहे हे विचारायला मला वेळ नसतो. ती म्हणाली, "ते मला मान्य आहे. पण मग तिनं सूचना पाळल्या नाहीत, असं लिहू नकोस. तुझ्या सूचना तिच्या घरापर्यंत पोचल्याच नाहीत, असं लिही." आजूबाजूच्या खाटांवरची माणसं ऐकत होती. पुढं महिन्याभरात नर्सेसच्या एका प्रशिक्षणात तिनं हा सगळा प्रसंग सांगितला. माझं नाव घेतलं नाही, पण हॉलमधल्या प्रत्येकीला कळलं. त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी बोलले नाही. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला, तो मी धुऊन रिकामा परत पाठवला. आमच्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं.

तिनं मात्र ते मनावर घेतलं नसावं. एके दिवशी दुपारी ती ओपीडीसमोरच्या बाकावर कागदांची चळत घेऊन बसलेली दिसली. मी बघून न बघितल्यासारखं केलं, तर हाक आली, "विजू, तुझी बोली पाहिजे मला." तिनं घरी सोडताना सांगायच्या गोष्टी नव्यानं लिहून काढल्या होत्या. पण ती पडली गावातली, शाळेतलं मराठी लिहिणारी, आणि मी खोऱ्यातली. मी तिथंच बसून खोडाखोड केली. 'वजन' खोडून 'हंडा, घागर, लाकडाची मोळी, कडेवरचं पोर' लिहिलं. 'विश्रांती' खोडून 'भात लावायला वाकायचं न्हाई' लिहिलं. तासाभरानं लक्षात आलं की आम्ही बोलतोय. डब्याचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. आज आमच्या वॉर्डात घरी सोडताना प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतात, घरी पाणी कोण भरतं? नव्या मुलींना तो कुठून आला हे माहीत नाही. शमीमला त्याचं काही वाटलं नसतं. मला वाटतं.

तिची-माझी शेवटची भेट याच वर्षातली, भोरच्या बाजारात. घाईत होती. आई वर्षापूर्वी गेल्यापासून तर ती घरी ठरायचीच नाही, कॉलेजातून प्रबंधासाठी रजा घेऊन आठवड्यातले तीन दिवस वाड्यांवर. चेहरा ओढलेला वाटला. मी विचारलं, "बीपीची गोळी घेतेस ना?" ती म्हणाली, "घेते गं." माझं समाधान झालं. मी मेथीची जुडी निवडायला लागले... बस. एवढीच ती भेट.

ती गेल्यावर तिच्या भावानं तिनं घरोघरी जाऊन भरलेल्या फॉर्मांचे गठ्ठे माझ्याकडे आणून दिले. तिचं काम तिच्याच एका विद्यार्थिनीनं पुढं न्यायचं, असं कॉलेजात ठरलं होतं आणि त्याआधी ते फॉर्म गावांनुसार लावून द्यायचे होते. रोज ड्युटीवरून आले की मी ते घेऊन बसायची. लावता लावता एक गोष्ट खटकू लागली. बाकी सगळ्या घरी शमीम दोनदा, फार तर तीनदा गेली होती. गुंजवण्याजवळच्या एका वाडीतल्या हौसाबाईंकडे मात्र ती जवळजवळ दर मंगळवारी जात होती. त्यांच्या पायाला साखरेमुळे झालेली जखम होती आणि तीही कधीच भरून आल्याची नोंद होती. मग एवढ्या लांब दर मंगळवारी कशाला? नसरापूरच्या स्टँडवर ती पडली तो दिवसही मंगळवारच होता. माझ्या डोक्यातून ते जाईना. शेवटी गेल्या पंधरवड्यात रजा काढली. भोर ते नसरापूर एक एस्टी, तिथं स्टँडवर तासभर, मग दुसऱ्या एस्टीनं मार्गासनीवरून साखर गावाच्या पुढं, आणि राहिलेली वाट पायी. धरणाचं पाणी एका अंगाला, समोर राजगड.

हौसाबाई सत्तरीच्या, ओट्यावर पावटे सोलत बसल्या होत्या. शमीम गेल्याचं त्यांना वाडीवरच्या आशा सेविकेकडून कळलेलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमी त्यांच्या मैतरीण व्हय? बसा." मी जखमेचं विचारलं. त्यांनी पाय पुढं केला. जखम साफ बरी झालेली.

"मग शमीम सिस्टर कशासाठी यायच्या?"

"गोळीपायी."

"तुमच्या?"

"माझ्या कशाला? त्यांच्या." त्या पावट्याची शेंग हातात तशीच धरून बोलू लागल्या. "एक दिस मला इचारत व्हत्या, मावशी, गोळी कवा घेता, चुकती का, का चुकती. म्या म्हनलं, बाई, तुमी घेता का तुमची? मंग म्हनल्या, घरी असल्यावर घेते, गावांला जायच्या दिशी न्हाई घेत. त्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागतं. एस्टीत कुठं जायचं? स्टँडवरचं तर तुमाला ठावं हाय. आन लोकांच्या दारात जाऊन कसं इचारायचं... म्या म्हनलं, आवं मंग हितं येऊन घ्या. आमच्याकडं संडास हाय, पाणी म्या भरून ठिवते. दोन तास बसा, मोकळ्या व्हा, मंग जावा फुडं."

म्हणून मंगळवार. शमीम यायची, ओट्यावर बसून गोळी घ्यायची, फॉर्म पुरे करायची, पावटे सोलायची. "आन बाकीच्या दोन दिशी?" मी विचारलं. माझ्याही तोंडून गावचीच बोली आली. हौसाबाईंनी मान हलवली. "तिकडं कोन हाय?"

मी नर्स आहे. आठवड्यातून दोन-तीनदा गोळी चुकल्यानं हे झालं की त्याशिवायही झालं असतं, ते सांगता येत नाही हे मला कळतं. पण डॉक्टरांना सांगून ती गोळी बदलून घेता आली असती, हेही मला कळतं. तिनं सांगितलं नाही, कारण ही गोष्ट चारचौघांत सांगायची नसते असं आपण बायका धरूनच चालतो. आणि मी बाजारात विचारलं ते असं विचारलं की 'घेते'खेरीज दुसरं उत्तर देताच येऊ नये. ज्या बाईला अक्षर लिहिता येत नाही, तिनं नेमकं विचारलं आणि उत्तर मिळाल्यावर सोयही केली. मी मात्र तिच्या मयतीला तिच्याच केसपेपरवर तीच जुनी ओळ लिहून मोकळी झाले होते. स्वतःकडे लक्ष दिलं नाही म्हणे... हे तिच्या कानावर गेलं असतं तर ती खाटेच्या कडेला टेकून म्हणाली असती, विजू, नेमके शब्द सांग.

चहा झाल्यावर हौसाबाई उठल्या आणि मला घराच्या मागं घेऊन गेल्या. पत्र्याच्या दाराबाहेर निळी प्लास्टिकची बादली काठोकाठ भरून ठेवलेली, शेजारी मग, दगडावर साबणाची नवी वडी. "त्या मंगळवारी बी भरली व्हती. दुपारपतुर वाट बघितली. आता त्या न्हाईत, ठावं हाय मला. पर मंगळवार आला का भरली जाती." मी बादलीकडे बघत उभी राहिले. त्यांनी ती उचलून आत ठेवली आणि माझ्याकडे वळल्या. "जावा. लांबनं आलाय."

सकाळी भोरहून निघाल्यापासून ओट्यावर चहा हातात येईपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. ठरवून नाही, सवयीनं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी आत गेले, कडी लावली. दाराबाहेरून हौसाबाईंचा आवाज आला, "सावकाश हुंद्या. म्या हितंच हाय."