पिंपळावरचा कागद

वारज्यातल्या आमच्या वळणावरचा पिंपळ मी वाचवला, असं मी सगळ्यांना सांगतो. फक्त खडकीचे गृहस्थ समोर असले की सांगत नाही. ते असले की मी हवापाण्यावर बोलतो, कारण त्यांच्या फोनमध्ये एक फोटो आहे. त्या फोटोची हकीकत दुसऱ्या कुणी लिहिण्याआधी मीच लिहिलेली बरी. बाकीचं थोडंफार वाढवून सांगेन, तो माझा स्वभाव आहे. फोटोपुरतं मात्र सगळं जसंच्या तसं.

मी मूळचा कसब्यातला. आमच्या बोळात समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून एकमेकांचा चहा ढवळता येतो. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला संशय घ्यायला वेगळं शिकवावं लागत नाही. कुणाकडे पाहुणे आले, का आले आणि अजून का गेले नाहीत, यातच आमचं बालपण गेलं. निवृत्तीनंतर वारज्याला फ्लॅट घेतला तर इथे कुणाचीच खिडकी दिसेना. दारं बंद, पडदे ओढलेले. म्हणजे आत नक्की काहीतरी चाललेलं असणार. पहिले सहा महिने मी जिन्यात उभा राहून लोकांच्या पिशव्या बघत होतो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, लोकांना वाटतंय सोसायटीनं दुसरा वॉचमन ठेवलाय. कुठंतरी जात जा."

म्हणून मी चळवळीत गेलो. बाकीच्यांना अन्याय बघवत नाही म्हणून ते जातात. माझ्या घरी मी बघवत नव्हतो.

चळवळ अशी, की लोक झाडांना खिळे ठोकून जाहिराती लावतात. शिकवण्या, भाड्याच्या खोल्या, घरबसल्या कमाई, गुडघेदुखी. आमच्या भागातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका दर रविवारी सकाळी सातला दहा-बारा माणसं जमवतात आणि ते खिळे आणि कागद काढून झाडं मोकळी करतात. त्यांना सगळे 'बाई' म्हणतात. मला पहिला संशय बाईंचाच आला. रविवारी सकाळी सातला पुण्यात माणूस फुकट काम करतो? मी तोंडावर विचारलं, "आपण निवडणुकीला उभ्या राहणार आहात का?"

"उभीच आहे मी," बाई म्हणाल्या, "पंधरा मिनिटं, तुमची वाट बघत. पक्कड आणलीत का?"

आणली होती. कसब्यातल्या एका तांबटानं माझ्या आजोबांना दिलेली पक्कड. तिला गंज चढत नाही, चढायची हिंमतच होत नाही. पहिल्याच रविवारी एका कडुनिंबातून मी असा खिळा काढला, की मी ओढत मागे जातोय, जातोय, रस्ता ओलांडून पलीकडच्या चहावाल्याच्या बाकड्याला टेकलो तेव्हा त्याचं टोक बाहेर आलं. बाईंनी पट्टी लावून तो तीन इंच ठरवला. बाई गणित शिकवायच्या. त्याला आपला इलाज नाही.

तर हे खडकीचे गृहस्थ. जन्मभर खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासणीचं काम केलं, तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहिले आणि निवृत्त झाल्यावर वारज्याला आईच्या जुन्या घरात आले. घर पिंपळासमोर. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. आम्ही खिळे काढायचो तेव्हा हे रस्त्याच्या पलीकडे उभे राहून फोटो काढायचे. खिळ्याला हात लावायचे नाहीत. मला दुसऱ्या रविवारपर्यंत कसाबसा धीर निघाला.

"आपण फोटो कशासाठी काढता?"

"आपण खिळे कशासाठी काढता?"

"झाडासाठी."

"मीही."

"पण आपण खिळा कधी काढत नाही हो."

"आपण काढताय की. दोघांचे."

इतकं मोजून बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवत नाही. त्याला लपवायला केवढं शिल्लक राहत असेल! मी बाईंना गाठलं. बाई म्हणाल्या, "अहो, त्यांच्या आईनं लावलाय तो पिंपळ. धम्मदीक्षा घेतल्यावर काही वर्षांनी त्यांनी इथं घर बांधलं, तेव्हा. कालव्यावरून पत्र्याच्या डब्यानं पाणी आणून जगवलाय. आई गेल्यापासून हे रोज सकाळी त्याचा फोटो काढतात."

"गोष्ट चांगली रचलीय," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी इथे लिहीत नाही. पण माझ्याकडे पुरावा होता. पिंपळाच्या मागच्या मोकळ्या जागेवर इमारत येणार आणि त्यासाठी रस्ता रुंद होणार, अशी कुजबुज होती. आणि या गृहस्थांना मी स्वतःच्या डोळ्यांनी पिंपळाला टेप लावून माप घेताना पाहिलं होतं. एकटेच होते. टेपचं टोक खोडाला चिकटपट्टीनं लावून गोल फिरत होते आणि टोक सारखं सुटत होतं. रोज फोटो आणि वर माप! बिल्डरचा माणूस आणखी काय करतो?

तिसऱ्या रविवारी पिंपळाची पाळी आली. कागदांच्या बाबतीत माझा नियम होता की वाचत बसायचं नाही. वाचलं की माणूस अडकतो. एकदा गुडघेदुखीची जाहिरात वाचून मी नंबर लिहून घेतला होता. चष्मा खिशात ठेवायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचं. त्या दिवशी मी असा काही सुटलो की पाच मिनिटांत पिंपळ नुकताच न्हाऊन आल्यासारखा दिसायला लागला. पलीकडून फोन रोखलेलाच होता. मी एक पाय पारावर ठेवला, फाडलेल्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरला आणि ओरडलो, "घ्या, याचाही घ्या! पुरावा राहू दे!"

आश्चर्य म्हणजे ते रस्ता ओलांडून जवळ आले आणि अगदी समोरून त्यांनी तीन फोटो घेतले. मी दाढी करून गेलो होतो म्हणून बरं, असं तेव्हा मनात आलं.

गुरुवारी संध्याकाळी भाजीला निघालो तर पिंपळापाशी घोळका. एक माणूस ब्रशनं खोडावर पांढरा आकडा रंगवत होता. बाई त्याला विचारत होत्या, "कशाचा नंबर हा?"

"तोडायच्या झाडांचा, बाई. रस्ता व्हनार हाय न्हवं. शुक्रवारीच नोटीस लावलीती की झाडाला. उद्या मुदत संपतीया. हरकत आलीया एकच."

बाईंचा चेहरा उतरला. झाड तोडण्याआधी त्याच्यावर तशी नोटीस लावतात, मुदतीत लेखी हरकती मागवतात आणि फारशा कुणी घेतल्या नाहीत तर झाड जातं. एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण नोटीस कुणी पाहिलीच नव्हती. खडकीचे गृहस्थ आपल्या दारात उभे होते. त्या पांढऱ्या आकड्याकडे बघत होते. एका हातानं चौकट धरली होती.

सहा वाजता आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये बैठक. असं भाषण मी आयुष्यात केलं नाही. गाड्यांचे अलार्म वाजले, असं मी सांगतो. एका स्कूटरचा वाजला. "नोटीस लागली होती! मग गेली कुठं? कुणीतरी उपटली! आणि ती एकच हरकत कुणाची? दाखवण्यापुरती! आपल्यात फितूर आहे!" आणि मी पक्कड उचलून खडकीच्या गृहस्थांवर रोखली.

ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि फोनवर बोट फिरवायला लागले.

"शुक्रवार सकाळ. नोटीस नाही. शनिवार सकाळ. आहे. रविवार, सात वाजून पाच मिनिटं. आहे." मग फोन त्यांनी बाईंच्या हातात दिला. "रविवार, सात वाजून पंचवीस."

बाईंनी फोटो बघितला. मग मला बघितलं. मग परत फोटो.

"अहो," गृहपाठ न केलेल्या पोराला विचारावं तशा आवाजात त्या म्हणाल्या, "हे तुमच्या हातात काय आहे?"

पारावर पाय, छाती पुढे, बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. आणि छातीशी धरलेल्या गठ्ठ्यात सगळ्यात वर शिक्का मारलेला कागद.

"गुडघेदुखी," मी म्हणालो.

बाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. वृक्षतोडीची नोटीस. क्रमांकासकट.

मागून बायकोचा आवाज आला, "चष्मा कुठं होता?"

"खिशात."

"बरं झालं. त्याला काही झालं नाही ना?"

हशा पिकला, पण खडकीचे गृहस्थ हसले नाहीत. मला एकदम राग आला. "रविवारपासून आपल्याला माहीत होतं! मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही बिल्डरचे."

"मी?"

"नवीन आलात. सगळ्यात मोठा आवाज तुमचा. जिन्यात उभं राहून लोकांच्या पिशव्या बघता म्हणे. आणि पिंपळावर दहा कागद होते, त्यातला नेमका तोच वर धरून मला फोटो काढायला लावलात. कारखान्यात आम्हाला शिकवलं होतं, जो सगळ्यात जास्त हौशीनं पुढे येतो त्याची तपासणी आधी करायची."

"आणि आम्ही?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सगळे यांच्याबरोबर हसत होतात. कोण कुणाचं, मला कसं कळणार? शनिवारी मीही तो कागद पलीकडूनच पाहिला, जाहिरात असेल म्हणून सोडला. रविवारी घरी फोटो मोठा केला तेव्हा वाचला. सोमवारी जाऊन हरकत दिली. ती एक माझी." त्यांनी बाईंच्या हातातला फोन परत घेतला. "एकाच्या हरकतीनं काय होतं म्हणा. पण आईचं झाड आहे, एवढं लिहिलं."

त्यांना माझा संशय, मला त्यांचा, आणि मधल्या मधे पिंपळाच्या चार दिवसांची माती.

बाई गणिताच्या असल्यामुळे आधी सावरल्या. "नोटीस झाडावर पुरते दिवस नव्हतीच. मुदत वाढवून मागता येईल. पण ती का नव्हती हे लिहून द्यावं लागेल. सोबत हा फोटो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "वाऱ्यानं उडाली, असं लिहू."

"फोटोत वारा नाही," खडकीचे गृहस्थ म्हणाले.

आता, कसब्यातला माणूस चूक कबूल करतो, पण तोंडी आणि कुणी ऐकत नसताना. लिहून द्यायचं म्हणजे पिढ्यान्पिढ्या सरकारी कपाटात राहणार. मी म्हणालो, पेन नाही. त्यांनी खिशातल्या दोनपैकी एक पेन काढून पुढे धरलं. टोपणही त्यांनीच काढलं. संशयी माणसाला कशाचाही संशय येतो, पण त्या हाताचा आला नाही. मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहिलं, 'सदर नोटीस मी स्वतः, चष्मा न लावता, जाहिरात समजून काढली.' खाली सही. बायको म्हणाली, "अक्षर बरं आलंय."

शुक्रवारी सकाळी महापालिकेचं कार्यालय उघडायच्या आधी आम्ही दारात. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, फोटो बघितला, मान वर केली.

"हे आपणच का?"

"हो."

"फार आनंदात दिसताय."

शिक्का मारला. मुदत वाढली. नवी नोटीस लागली, प्लास्टिकमध्ये आणि माझा हात पोचणार नाही इतक्या उंचावर; उंचीचा निर्णय कुणाचा, हे मी अजून शोधतोय. बाईंनी घराघरांत जाऊन हरकती लिहून घेतल्या. मीही जिन्यात उभाच होतो, या वेळी पिशव्यांऐवजी सह्यांसाठी. गठ्ठा इतका झाला की तो न्यायला चार माणसं लागली. बाई म्हणतात, एक. सुनावणी झाली आणि पिंपळ तूर्त राहिला. 'तूर्त' हा शब्द कागदावर आहे. तो कुणी आणि का घातला, याचा मला संशय आहे.

आता रविवारी मी चष्मा लावून प्रत्येक कागद आधी मोठ्यानं वाचतो आणि मग काढतो; बाईंची तशी शिक्षा आहे. खडकीचे गृहस्थ पलीकडे उभे असतातच. परवा न राहवून मी विचारलं, "अजून संशय आहे का?"

"तपासणी चालू आहे," ते म्हणाले आणि माझा फोटो काढला. मग खिशातून टेप काढून पिंपळाकडे गेले. चिकटपट्टीनं टोक लावलं, दोन पावलं गेले, टोक सुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं.

"टोक आई धरायची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी पक्कड खाली ठेवली आणि टोक धरलं. ते खोडाला वळसा घालून पलीकडे दिसेनासे झाले आणि दुसऱ्या बाजूनं माझ्यापाशी आले. आकडा बघितला, छोट्या वहीत लिहिला, वही मिटली.

"किती भरलं?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगत नाही," ते म्हणाले. "वाढवून सांगाल."