कृतिकाचा जिना

आंबिवलीत दोन मजली घराला लिफ्ट लावणारे काळुराम पहिलेच. लोक हौस म्हणाले, पण खरं कारण त्यांची नऊ वर्षांची नात, कृतिका. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे पाय ताठ, गुडघे एकमेकांना घासणारे, आणि खोली वरच्या मजल्यावर. लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी काळुरामांनी नारळ फोडला आणि आळीभर पेढे वाटले.

आणि कृतिकाचा व्यायाम घ्यायला कल्याणहून घरी येऊ लागलेल्या हेमांगी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, लिफ्ट बंद.

"पोरीला पायऱ्या चढवाच्या? मंग ही लिफ्ट कशाला लावली?" काळुराम भडकले.

"तुम्ही वापरा की! आबा, ती उंच होतेय. पायांत ताकद आली नाही, तर पुढे उभं राहणंही कठीण जाईल."

रोज सकाळी कृतिका बुटक्या स्टुलावरून हात न टेकता उठायची, बसायची. मग कठडा धरून पायऱ्या. अडखळली की रडायची. काळुराम उचलायला धावायचे आणि मॅडम डोळे वटारायच्या. शेवटी त्या वेळेला त्यांची रवानगी चहाच्या टपरीवर होऊ लागली. तिथे बसून ते मॅडमच्या नावाने खडे फोडत. फरक पडला, पण मुंगीच्या पावलांनी.

मग गावात शेजारच्या नयनच्या लग्नाची हळद आली.

"मी पन येनार," कृतिका म्हणाली.

"नाय. गर्दीत कोनी धक्का मारला तं परशील."

"मी नाय पडत!"

"नाय बोललो ना!"

आजवर ती रागावली की तोंड फिरवून तिथेच बसून राहायची, आणि काळुराम चॉकलेट दाखवून तिला हसवायचे. बिचारी जाणार कुठे? आज ती उठली. कठडा धरून जिना चढू लागली.

"कृतू, थांब. ए कृतू!"

तिने वळून पाहिलं नाही. मधेच पाय अडकला. काळुराम उठले, पुन्हा बसले. तिने पाय सोडवला, वर गेली आणि धाडकन दार लावून घेतलं.

काळुरामांना वाईट वाटलं. नात त्यांच्यावर रुसून पहिल्यांदाच निघून गेली होती, तीही स्वतःच्या पायांनी. तसेच ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुळसा, आयकलंस का?" ते बायकोला म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "पोरीनं दार आपटलं!"