चंद्राआत्याच्या छातीतला आवाज

आमच्या चंद्राआत्याच्या छातीत मासे बोलायचे.

थट्टा नाही करत. तीसच्या दशकात आमचा अख्खा कोळीवाडा हेच म्हणायचा.

चंद्रा म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नऊ वर्षांची गेली. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. म्हणजे आज.

तिचा एकही फोटो नाही. म्हणून ही पोस्ट.

आजोबा किहीमचे. पाण्यात वल्हं सोडायचं, दांड्याला कान लावायचा, खाली घोळ मासळी बोलतेय का ऐकायचं, मगच जाळं टाकायचं. यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

तोच कान त्यांनी तान्ह्या लेकीच्या छातीला लावला.

आत घूं घूं. न थांबता.

"दर्या हाय माझ्या पोरीत!" म्हणून नाचले म्हणे. मग काय, होडी लोटण्याआधी जो तो चंद्राच्या छातीला कान लावून जायचा. शकुन!

तीही लबाड. विचारायची, "बा, मासली हाय का?"

"हाय गो, हाय."

चिडायची ती एकटी आजी. "पोर चार पावलं चालली का धापा टाकते, आन् तुमी शकुन बघताय?"

आजोबांना पटलं, पण फार उशिरा. रेवसहून बोटीने मुंबई गाठली. डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "जन्मापासूनचं आहे. इलाज नाही."

"आयकू तर मलापन येतंय, डाक्टर. थांबवायचा कसा ते सांगा."

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मागच्या महिन्यात माझ्या नातीचा एको झाला. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी जन्मतःच भलतीकडे, हृदयाच्याच कप्प्यात उघडलेली. डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला.

घूं घूं. न थांबता.

मी तिथेच रडलो. सून घाबरली बिचारी.

नातीच्या मांडीतून तार घालून ती वाट बंद केली. चौथ्या दिवशी पोरगी घरी, मोबाईल मागत होती.

आत्याला हेच होतं का? आता कोण सांगणार! आणि कळलं असतं तरी तेव्हा करणार काय होते? चिडायचं तरी कुणावर?

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, त्या सकाळी चंद्राने काही विचारलं नाही. आजोबांनी कान लावला. लावूनच बसले.

शेवटी आजीने विचारलं, "हाय का?"

"न्हाय."

पुढे कित्येक वर्षं आजोबा समुद्रावर जात राहिले. वल्ह्याला कान मात्र पुन्हा कधी लावला नाही.

आत्या, तुला पाहिलं नाही गं कधी. पण आवाज ऐकला.

उद्याचा नारळ तुझ्या नावाने. सुखात राहा, बाय.